दादासाहेबांची जागा

परवा बर्डीच्या बाजारातून येताना दोन माणसं रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना फासताना दिसली. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर पांढरा पट्टा. वर्षभर ज्या खड्ड्यातून रिक्षावाले देवाचं नाव घेत जायचे, तो एका दुपारीत गडप झाला होता. मी घरी आले, चपला काढल्या आणि तडक जाऊन तांदळाचा डबा उघडून पाहिला.

माझे यजमान पेपर वाचत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग डबा काहून पाहून राहिली?"

खरंच, काहून? हात आपोआप गेला होता. थंडी पडली, स्वेटरं निघाली, बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागले, एवढ्यानं मला हिवाळा आल्यासारखं वाटत नाही. रस्त्यांना चुना लागला की वाटतं. चुना लागला म्हणजे अधिवेशन आलं. मुंबईचं सरकार आपल्या फायली, शाली आणि सर्दी घेऊन नागपुरात दाखल होणार. बाहेरगावचे पोलीस चौकाचौकांत उभे राहून संत्री सोलणार, आणि सालं कुठे टाकावी हे न सुचून खिशात ठेवणार. मोर्चे निघणार, टांगे अडणार. आणि लोकांच्या घरी मे महिन्यात येतात तेवढे पाहुणे आमच्याकडे डिसेंबरात येणार.

आता येत नाहीत. डबा मात्र अजून पाहिला जातो.

ही सन सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचं प्रताप नगर तेव्हा गावाबाहेर होतं. टांगेवाला नाव ऐकूनच आधी आपल्या घोड्याकडे बघायचा. आमचं घर दोन खोल्यांचं, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे अंगण. मी शाळेत शिकवत होते, हे सरकारी कचेरीत होते. दोघांच्या पगारात आणि दोन खोल्यांत आम्ही सुखानं मावत होतो. पण यांचे सख्खे मामा आमदार होते.

सगळा तालुका त्यांना दादासाहेब म्हणायचा, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. उंच, सावळे, पांढरं धोतर, गळ्यात तपकिरी मफलर, हातात शिसवी काठी. बाकीच्या आमदारांसारखी त्यांनाही आमदार निवासात खोली होती. तिची किल्ली वर्षभर त्यांच्याकडेच कशी असायची, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण अधिवेशन सुरू झालं की पहिल्याच संध्याकाळी दादासाहेब वळकटी घेऊन आमच्या दारात उभे.

"खोलीत जागा नाही वं पोरी," म्हणायचे. "पेशंट हायेत."

तालुक्यातल्या कोणाचं आतडं, कोणाचा डोळा, कोणाचं अडलेलं बाळंतपण, सगळं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात यायचं. पेशंटला खाट मिळायची, पण सोबतच्या माणसांनी कुठे पडायचं? आणि डॉक्टरनं ज्याला "पुढच्या सोमवारी या" म्हटलं, त्यानं तो सोमवार उगवेपर्यंत जायचं कुठे? तर दादासाहेबांच्या खोलीत. तिथे स्टोव्ह पेटलेला असायचा, खिडकीत लुगडी वाळत असायची, आणि शेजारच्या खोलीतले आमदार नाकाला रुमाल लावून जिना उतरायचे. आणि खोलीचे धनी आमच्याकडे पुढच्या खोलीत घोरत असायचे.

सभागृहात ते क्वचितच बोलत. एकदा मोठ्या हिमतीनं बोलायला उभे राहिले, तर अध्यक्षांना वाटलं यांना बाहेर जायचंय. त्यांनी मान हलवून परवानगी दिली. दादासाहेब सभ्य माणूस, बाहेर गेले. संध्याकाळी हा प्रसंग त्यांनीच आम्हाला सांगितला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "भाषण तसंच राहिलं. ऐकता का तुम्ही?" आणि तुरीवरच्या अळीबद्दलचं अख्खं भाषण आम्ही दोघांनी जेवता जेवता ऐकलं. चांगलं होतं.

अशाच एका वर्षी दसऱ्यानंतर दादासाहेब गेले. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते, बसल्या जागीच मान टाकली. सगळे मंत्री अधिवेशनासाठी आयतेच नागपुरात असतात, म्हणून पक्षानं शोकसभा डिसेंबरातल्या एका रविवारी बर्डीवरच्या सभागृहात ठेवली. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, दादासाहेबांच्या गावाहून, सावरखेडीहून, जीप आली.

जीपमधून आधी मामी उतरल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळ मोकळं, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. त्यांच्या मागून एका बाजूनं बबनराव आणि दुसऱ्या बाजूनं वसंतराव उतरले. बबनराव म्हणजे दादासाहेबांचा पुतण्या, आणि वसंतराव त्यांचे एकुलते जावई, तालुक्याच्या कोर्टात वकील. दादासाहेबांना मुलगा नव्हता. पोटनिवडणूक तोंडावर होती. तिकीट कोणाला, हे वर मुंबईत ठरणार असलं, तरी शोकसभेत खुद्द मामींनी ज्याचं नाव घेतलं त्याचं पारडं जड होणार, असं दोघांनाही कोणीतरी सांगितलं होतं. बहुतेक एकाच माणसानं.

बबनरावांच्या गळ्यात दादासाहेबांचा तपकिरी मफलर होता. वसंतरावांच्या हातात दादासाहेबांची शिसवी काठी होती. त्यांचे गुडघे चांगले ठणठणीत होते, पण आमच्या दोन पायऱ्या ते काठी टेकत टेकत चढले.

"जीपीत मी समोर बसलो, डायवरजवळ," मामी आत येत माझ्या कानात म्हणाल्या. "मागं बसलो असतो तं दोघांनी मले मधात चेंगरून टाकलं असतं."

दुपारच्या जेवणाला मी वडाभात केला होता. मिश्र डाळींचे खमंग वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंगाची कढत फोडणी ओतायची. नागपूरच्या थंडीवर याहून चांगला इलाज नाही. जावई पंगतीला म्हणून मी पहाटेपासून डाळी वाटत होते. पाटावर बसल्यावर वसंतरावांनी ताटावर हात आडवा धरला.

"मले एकच भाकर द्या, वहिनी. अन् ठेचा. दादासाहेबांचं जेवण असंच साधं होतं."

बबनरावांनी लगेच आपल्या ताटातली अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली. "दादा तं अर्धीच खायचे."

"अर्धी शेवटी शेवटी. तब्येतीनं."

"शेवटी नाही, आधीपासूनच. मी लहानपणापासून पाहून राहिलो."

ठेच्यासोबत तेलही चालणार नाही असं एकानं सांगितलं, तर दुसऱ्यानं मीठच नको म्हटलं. साधेपणाची ही चढाओढ पाण्याच्या पेल्यापर्यंत गेली. हे शांतपणे वडे कुस्करत होते. कुस्करता कुस्करता मला म्हणाले, "दोघं मिळून एक सबंध दादासाहेब होतो बघ. जेवणापुरता तरी."

जेवणं आटोपली. मामी अंगणात उन्हाला टेकल्या. मी मागची भांडी घासून स्वयंपाकघरात आले, तर वसंतराव फळीपाशी उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वडा.

"पाणी पाहून राहिलो होतो," ते तोंडातला घास एका गालात सरकवून म्हणाले.

एवढ्यात मागचं दार हळूच उघडलं आणि मफलर आत आला. बबनरावांना आधी मी दिसले, मग वडे दिसले, मग वसंतराव दिसले. तिघांमधून त्यांनी वड्यांकडे बघत राहणं पसंत केलं. बाहेरून मामींचा आवाज आला.

"सुधा, त्या दोघांले बसवून वाढ वं. आमचे हे तं सहा सहा वडे खायचे, अन् वरून विचारायचे, भात कुठी हाय!"

मी मुकाट्यानं दोन ताटं घेतली. भात निवला होता, पण फोडणी पुन्हा कढत केली. दोन वारसदार स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडीला मांडी लावून बसले आणि पुढचा बराच वेळ राजकारणाचा एक शब्द निघाला नाही. माझ्या घरात त्या दोन दिवसांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

डिसेंबरातली नागपूरची दुपार ही मोठी आळशी गोष्ट आहे. ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि ते येतंही अगदी बेताचं. आम्ही सगळे अंगणात चटई टाकून शेंगा सोलायला बसलो. हिरव्या तुरीचे सोले निघत होते, टपोरे, ओलसर, वासाला कच्चे आणि गोड. बोटं चिकट होत होती, नखं काळीहिरवी. रात्रीला सोलेभात होणार होता. आणि वसंतरावांनी विषय काढला की उद्याच्या भाषणात दादासाहेबांच्या कार्याचा आढावा यायला हवा.

"पूल," बबनराव म्हणाले. "पुलापासून सुरुवात करा."

"कोणता पूल?"

"आपल्या नाल्यावरचा."

"नाला सरकला ना बबनराव."

पूल दादासाहेबांनी खटपट करून मंजूर करवला होता. बांधून झाला आणि त्याच पावसाळ्यात मोठा पूर येऊन नाल्यानं आपली वाट बदलली. तेव्हापासून नाला पलीकडून वाहतो आणि पूल कोरड्या शेतात उभा आहे. दुपारी त्याच्या सावलीत शेळ्या बसतात.

"मग शाळा घ्या," बबनराव म्हणाले.

"छप्पर कुठं हाय तिले?"

"धरण?"

"त्याचा दगड बसला ना फक्त. अन् तोही दोनदा."

असं करत करत शेंगांचा ढीग खाली आला आणि आढावाही. मला फार विचित्र वाटायला लागलं. इतकी वर्षं आमदार असलेला माणूस, आणि सांगायला काही सापडू नये? वारसा हा शब्द मला तोवर सातबाऱ्याच्या उताऱ्यात आणि पुढाऱ्यांच्या तोंडीच भेटला होता. दोन्हीकडे तो मोजून मापून घेण्याची वस्तू असतो. इथे दोन माणसं वारस व्हायला कंबर कसून बसली होती, आणि काय घ्यायचं हेच कोणाला सापडत नव्हतं. मामी एवढा वेळ काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांचा हात मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर चालत होता.

शेंगा संपल्यावर त्यांनी पदराला हात पुसले. "मले खोलीवर घेऊन चाला. त्याईचं सामान हाय तिथं. सोमवारी खोली रिकामी करा म्हणून निरोप आला हाय."

खोली म्हटल्याबरोबर वसंतराव काठीसकट उठले. बबनराव आधीच जीपकडे निघाले होते. पुढेमागे आपल्यालाच मिळायची असलेली खोली बघून ठेवलेली बरी, असा विचार दोघांच्या चालीवरूनही दिसत होता.

आमदार निवासाचा जिना चढताना संध्याकाळ होत आली होती. पायऱ्यांवर कुठल्या कुठल्या गावचे कार्यकर्ते बसलेले, हारतुरे पडलेले, एक जण पेढे वाटत होता, कशाचे ते त्यालाही माहीत नसावं. दादासाहेबांच्या खोलीच्या दारापाशी आलो तर आतून फोडणीचा वास. मामींनी दार ढकललं.

आत नऊ-दहा माणसं होती. एका कोपऱ्यात स्टोव्हवर वरण शिजत होतं. पोट धरून बसलेली एक बाई, तिची सासू, एक हात गळ्यात बांधलेला तरणा माणूस, गोधड्या, लोटे, औषधाच्या बाटल्या. दादासाहेब जाऊन दोन महिने होत आले होते; पण दवाखान्यातल्या कोणी, रिक्षावाल्यांपैकी कोणी, गावातल्या कोणी माणसं पाठवायचं थांबवलंच नव्हतं. निवासाच्या चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, "मले कोणी नका येऊ देऊ असं सांगितलं नाही ना बाई."

बबनराव दारातच थबकले. वसंतराव मात्र सवयीनं काठी टेकत आत गेले. ठक्, ठक्, ठक्. भिंतीशी एक म्हातारा बसला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. काठीचा आवाज ऐकल्याबरोबर तो चाचपडत उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"आले का दादासाहेब? मी डोमाजी. वरच्या ढाण्यातला, पाड्यावरचा."

दादासाहेब गेल्याचं बाकीच्यांना ठाऊक होतं, पण डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला ते कोणी सांगितलं नव्हतं. वसंतराव वकील माणूस. शब्दांवर पोट भरणारा. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, मग परत पहिल्या.

"डॉक्टर म्हणते सोमवारी पट्टी काढू," डोमाजी त्या काठीच्या दिशेनं बोलत होता. "पहिले तुमचंच तोंड पाहीन म्हणतो मी. याल ना जी?"

"येईन," वसंतराव म्हणाले. एवढ्या लहान आवाजात त्यांना कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मामी पुढे झाल्या आणि डोमाजीच्या जवळ खाली बसल्या. त्यांनी त्याचा हात धरून त्यालाही बसवलं. "बाबा, ते गेले. दसरा झाल्यावर. हा जावई हाय त्याईचा. मी त्याईची घरवाली."

डोमाजीनं मोकळ्या हातानं पट्टी चाचपली. पट्टीखाली काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यानं अगदी कामाचा प्रश्न विचारला.

"मंग आमाले इथून हाकलतीन का?"

मामींनी मान वर करून दोन्ही वारसदारांकडे पाहिलं. बबनराव छताकडे बघत होते. छतावर पंखा होता आणि तो हिवाळ्यात बंद होता, तरी ते बघत होते. वसंतराव काठीकडे बघत होते.

"नाही हाकलत," मामी म्हणाल्या. "वरण उतरवा कोणी, लागून राहिलं."

त्या संध्याकाळी सामान म्हणून आम्ही एक वळकटी आणि एक पितळी तांब्या घेऊन परतलो. वळकटीही मामींनी जिन्यावरून परत पाठवली, पोटुशा बाईला पाठीशी घ्यायला.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर दादासाहेबांच्या फोटोला इतका मोठा हार घातला होता, की फक्त कपाळ दिसत होतं. मामी मधल्या खुर्चीत, उजवीकडे मफलर, डावीकडे काठी. मंत्री उशिरा आले, लवकर जायचं आहे असं सांगून बोलायला उभे राहिले. कोणीतरी त्यांना टिपण दिलं होतं.

"दादासाहेबांनी पूल बांधला," मंत्री म्हणाले, "आणि नदीचे दोन्ही काठ जोडले. त्या पुलाखालून आज कितीतरी पाणी वाहून गेलं..."

मागच्या रांगांत सावरखेडीची माणसं होती. आधी एक जण खोकला. मग दुसरा. मग शोकसभेत येऊ नये तो आवाज सबंध सभागृहातून आला. मंत्र्यांना वाटलं वाक्य आवडलं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. माझ्या शेजारी बसलेल्या यांनी तोंडात रुमाल कोंबला होता. आणि मला खात्री आहे, हारामागून दादासाहेबही हसत असणार.

शेवटी मंत्री म्हणाले, "त्यांची जागा कोणीही भरून काढू शकणार नाही." टाळ्या पडल्या. मग निवेदकानं मामींना दोन शब्द बोलायची विनंती केली. बबनराव ताठ झाले. वसंतराव मात्र कालपासून जरा वाकलेलेच होते.

मामी आयुष्यात कधी माईकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. माईक त्यांच्या डोक्याच्या वर होता. कोणीतरी तो खाली ओढेपर्यंत त्या शांत उभ्या राहिल्या, हळदीकुंकवाला आल्यासारख्या.

"साहेब म्हणतात, त्याईची जागा भरून निघणार नाही," त्या म्हणाल्या. "साहेब, जागा भरलेलीच हाय. मी काल पाहून आलो. पाय ठेवाले जागा नाही."

मंत्र्यांनी घड्याळावरची नजर काढली.

"नऊ-दहा माणसं हायेत तिथं. एक पोरगी दिवस भरलेली हाय. एका बाबाची उद्या पट्टी निघते. अन् उद्याच खोली रिकामी करा म्हणते सरकार. तं त्याईले मी कुठी ठेवू, तेवढं मले सांगा. बाकी मले भाषण येत नाही."

मंत्र्यांनी सचिवाकडे पाहिलं. सचिवानं नियमाकडे, म्हणजे जमिनीकडे, पाहिलं. मंत्री माईकजवळ येऊन म्हणाले, "आम्ही यावर सहानुभूतीनं विचार करू."

"करा," मामी म्हणाल्या. "तवर मी बसतो." आणि त्या खरंच जाऊन खुर्चीत बसल्या, मांडी घालून. सावरखेडीची माणसंही बसून राहिली. राष्ट्रगीताला उभं राहायचं की नाही, हा पेच निवेदकाला पडला. पेपरवाले पेन काढून पुढे सरकले. मंत्र्यांना लवकर जायचं होतं. विचार पाच मिनिटांत पूर्ण झाला: नवा आमदार निवडून येईपर्यंत खोली आहे तशी राहील.

बाहेर आल्यावर बबनरावांना राहवलं नाही. "काकू, पण नाव? कोणाचं तरी नाव घ्याचं होतं ना!"

"घेतो ना गा. उद्या सकाळी सात वाजता डब्बा घेऊन दवाखान्यात ये, मंग घेतो."

बबनराव त्याच संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेले, तिकिटाच्या खटपटीला. मफलर आमच्या खुंटीवर राहिला.

सोमवारी सकाळी डबा घेऊन मी आणि मामी दवाखान्यात पोचलो, तर वसंतराव आधीच बाकावर बसलेले. कोर्टात तारीख होती, ती त्यांनी चुकवली होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली. डोमाजीनं डोळे मिचकावले, पाणी पुसलं, आणि समोर पाहिलं. खूप निरखून पाहिलं.

"तुम्ही काही त्याईच्यासारखे दिसत नाही जी," तो म्हणाला.

"हव," वसंतराव म्हणाले. "मी जावई."

"असू द्या, असू द्या," डोमाजीनं त्यांचीच समजूत घातली. "आले ना, बस झालं."

तिकीट दोघांनाही मिळालं नाही. ज्याला मिळालं तो शोकसभेला आलाच नव्हता. त्या दिवशी तो म्हणे मुंबईत होता. तो निवडून आला, खोलीत गालिचा टाकला, चौकीदाराला नीट सांगितलं, आणि एका थंडगार सकाळी आमच्या फाटकापाशी जीप थांबली. वसंतराव उतरले. मागे गोधड्या, लोटे, आणि एक माणूस बरगडीला हात लावून बसलेला.

"वहिनी," वसंतराव म्हणाले, "खोलीत जागा नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पेपर घडी करून ठेवला आणि पुढच्या खोलीतली टेबलखुर्ची उचलायला घेतली. त्यानंतर किती हिवाळे असे गेले, ते आता सलग आठवत नाही. एकमेकांत मिसळून गेलेत. आठवतात ते वास: पहाटेच्या स्टोव्हचा, टिंक्चरचा, अंगणात वाळणाऱ्या मेथीचा. शेजारच्या काकू दारावरून जाताना विचारायच्या, "आज कोणता वॉर्ड?" मी चिडायचे, भांडायचे, एकदा तर माहेरी निघून गेले, माहेरीही दवाखान्याच्या वाटेवरचाच पाहुणा निघाला, म्हणून परत आले. मामी दर डिसेंबरात यायच्या, सकाळी दवाखान्यात जायच्या आणि संध्याकाळी येऊन मला बातम्या द्यायच्या, कोणाचे टाके सुटले, कोणाच्या सुनेनं डबा आणला नाही. वसंतराव वकिलीत फार पुढे गेले नाहीत. तारखा फार चुकायच्या.

मग तालुक्यालाच दवाखाना झाला. दवाखान्याजवळ धर्मशाळाही झाली. आमच्या घरी येणं हळूहळू कमी झालं आणि एका हिवाळ्यात थांबलं. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी सुटकेचा श्वास टाकीन. तो श्वास कधी टाकला ते लक्षात नाही. टाकायला वेळ नसेल झाला.

गेल्या वर्षी मामी गेल्या. शोकसभा वगैरे काही झाली नाही. आम्ही तेरवीला सावरखेडीला निघालो, तर एसटीत पाय ठेवायला जागा नाही. मी दांड्याला लोंबकळत उभी. एवढ्यात पुढच्या बाकावरची एक बाई उठली.

"मास्तरीणबाई, इथी बसा. तुम्ही प्रताप नगरच्या ना?"

मी बसले. बाकावर माझ्या शेजारी तिचा पंधराएक वर्षांचा मुलगा बसला होता, ओठावर नुकती लव आलेली.

"हा तुमच्याच घरून झाला," ती म्हणाली. "महिनाभर होतो आम्ही तुमच्याकडं. पाया पड रे मॅडमच्या."

हलत्या बसमध्ये तो बिचारा कसाबसा वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चेहरा आठवायचा आटोकाट प्रयत्न केला. त्याच्या आईचाही आठवेना. इतकी माणसं येऊन गेली होती.

"ओळखलं ना?" बाईनं विचारलं.

"ओळखलं ना वं," मी म्हटलं. "न ओळखायला काय झालं!"

"अन् याचं नाव तं तुम्हीच ठेवलं," ती भोवतालच्या चार बायांना ऐकू जाईल अशा अभिमानानं म्हणाली. "अजून समदे विचारतात, इतकं चांगलं नाव कोणी ठेवलं म्हणून."

बस खडखडत चालली होती. मी त्या मुलाकडे बघून हसले, तो माझ्याकडे बघून हसला. सावरखेडी येईपर्यंत मी कान टवकारून बसले होते, की बसमधलं कोणीतरी त्याला एकदा नावानं हाक मारेल.